हिप्परगे सरांचा दुसरा गट

हिप्परगे सर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी गुडघ्याकडं. मुरुम गावाजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी लॅबमध्ये रुजू झाले, त्या दिवशी ओळख करून द्यायला मला त्यांच्या खोलीत नेलं. मी नमस्कार केला. त्यांनी तो माझ्या पायांकडं बघतच घेतला आणि म्हणाले, "मॅडम, डावा गुडघा जरा आत वळतोय तुमचा. जिना चढताना कुरकुरतो का?" नवी नोकरी, नवी साडी, आणि हा मनुष्य गुडघ्याचं विचारतोय. मी ठणकावून सांगितलं, "काही कुरकुरत नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "माणूस खोटं बोलंल, गुडघा न्हाय." दुपारी लॅबचा जिना चढताना मला पहिल्यांदा ते कुरकुरणं ऐकू आलं. आजतागायत येतंय.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. ते दवाखान्यातले फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या पेशंटांच्या तोंडात कधी बसला नाही. कुणी त्यांना 'गुडघेवाले सर' म्हणायचं, कुणी 'व्यायामाचे सर'. एखादी म्हातारी सरळ 'चोळणारे कुठं बसत्यात?' म्हणून विचारायची. चोळणारे म्हटलं की सरांचं डोकं फिरायचं. "चोळायला तेल लागतंय. माझ्याकडं तेलाची बाटली दिसती का तुमाला?" असं ते म्हातारीला विचारायचे, आणि म्हातारी खरंच खोलीभर नजर फिरवून "न्हाय दिसत बाबा" म्हणायची.

याहून जास्त त्यांना एक प्रश्न लागायचा. तपासून झालं, व्यायाम समजावून झाला, की पेशंट उठता उठता विचारायचा, "सर, आता मोठ्या डाक्टरला दाखवू का?" सर मान हलवायचे. पण पेशंट गेल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलायचे नाहीत.

त्यांच्या धंद्यातले बरेच जण नावाआधी 'डॉ.' लावून मोकळे होतात. सरांना ते उसनं वाटायचं. त्यांना पीएच.डी. करून, रीतसर, कुणी बोट दाखवणार नाही असं डॉक्टर व्हायचं होतं. नोंदणी झाली त्याच आठवड्यात त्यांनी खोलीवरची पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि पेंटरला सांगून नावाआधी 'डॉ.'पुरती जागा मोकळी सोडली. पुन्हा पाटी रंगवायला नको म्हणून. त्यामुळं नाव पार उजवीकडं सरकून चौकटीला टेकलं होतं. येणारा-जाणारा विचारायचा, "इथलं काय पुसलं गेलं का?" सर म्हणायचे, "पुसलं न्हाय, यायचंय."

ते यायचं कधी, याला सरांचं एकच उत्तर होतं. दिवाळीपर्यंत. कुठल्या दिवाळीपर्यंत ते सांगत नसत. त्यांची बायको, महादेवी वहिनी, आम्हाला चहा देताना हिशेब मांडायच्या. "पोरीचं लगीन झालं, नातू झाला, त्याला दात आले, त्यो आता शाळंत जातोय. ह्यांचा परबंध काय अजून बाळंत व्हईना." सर कपात बघत हसायचे.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचा गोनिओमीटर असायचा. गोनिओमीटर म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ. दोन पट्ट्या, मध्ये खिळा. मांडीला एक पट्टी, नडगीला एक, की गुडघा किती अंशांत वाकतो ते कळतं. सरांना तो लावायचीही गरज नसे. एका लग्नात पंगतीला मी त्यांच्या शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, "त्यो समोरचा फेटेवाला बगा. शंभरच्या पुढं वाकत न्हाय, तरी मानापायी मांडी घातलीया. उठताना मजा हाय." जेवणं झाली. फेटेवाला आधी डाव्या बाजूच्या पाहुण्याच्या खांद्यावर, मग उजव्याच्या डोक्यावर हात देऊन कसाबसा उभा राहिला. सर म्हणाले, "पंच्याण्णव." स्वतःची चूक त्यांनी अशी कबूल केली. मला त्या दिवसापासून बुंदीपेक्षा पंगत उठायचाच कार्यक्रम जास्त आवडायला लागला.

पेशंटाला ते दुखणं सांगू देत नसत. "सांगू नका, करून दाखवा," हे त्यांचं वाक्य सगळ्या पंचक्रोशीला पाठ होतं. पेशंट खुर्चीवरून उठून दाखवायचा, बसून दाखवायचा, आणि सरांना सगळं कळायचं. व्यायाम शिकवतानाही तेच. पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबून धरायची. किती वेळ? दहा सेकंद. पण खेड्यातल्या बाईला सेकंद कुठला दाखवणार? म्हणून सरांनी स्वतःचं माप काढलं होतं. एक महादेव, दोन महादेव, तीन महादेव, असं दहापर्यंत. "घाईत म्हणायचं न्हाय. देव हाय त्यो, त्याला निवांत येऊ द्यायचं."

आणि पीएच.डी.चं घोडंही ते याच वाटेनं दामटत होते. शेतात खुरपणाऱ्या बायकांचे गुडघे, आणि घरच्या घरी करायच्या व्यायामानं त्यांना पडणारा फरक. विषय सोन्यासारखा होता, मी लॅबवाली असून मला पटला होता. मला कॉम्प्युटरवर तक्ते भरता येतात हे कळल्यावर सरांनी मला त्यात ओढलं. रोज संध्याकाळी सुटी झाली की अर्धा तास. मी कुरकुर करायचे आणि भरायचे.

अभ्यासाला घेतलेलं गाव मुरुमपासून जवळच. नाव सांगत नाही, तिथल्या बायका मला ओळखतात. गुडघेदुखीच्या ऐंशी बायका मारुतीच्या देवळापुढं सतरंजीवर बसवल्या. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. निम्म्या पहिल्या गटात, निम्म्या दुसऱ्या. पहिल्या गटाला व्यायाम आणि पायाला बांधायला किलोभर वाळूची पिशवी. दुसऱ्या गटाला नुसतं पत्रक, त्यात वजन कमी करा, जड उचलू नका, असला नेहमीचा उपदेश. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे गुडघे मोजायचे आणि फरक दाखवायचा. सरांनी हे सगळं फार प्रेमानं समजावून सांगितलं. झाल्यावर विचारलं, "काय शंका?"

शांताबाई म्हणून एक ठसठशीत बाई होती. ती दुसऱ्या गटात आली होती. ती म्हणाली, "म्हंजी आमचे गुडघे तसंच दुखू द्यायचे?"

"सहाच म्हैने, मावशी."

"आन् मग?"

"मग कळंल की."

"काय कळंल?"

"व्यायामानं फरक पडतोय म्हणून."

"ते तुमाला आदीच म्हाईत हाय की!"

मला हसू आवरेना. सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी रजिस्टरात तोंड घातलं. तेवढ्यात सरपंचबाईंचे मालक आले. त्यांना ही कसलीतरी सरकारी योजना वाटली. "सर, आमच्या आळीच्या बाया दुसऱ्याच गटात जास्त कशा? यादी कुणी केली?" मग सगळ्यांदेखत चिठ्ठ्या पुन्हा काढाव्या लागल्या. त्यांच्या आळीच्या पुन्हा जास्तच निघाल्या, कारण दुखरे गुडघे मुळात त्याच आळीत जास्त होते. शांताबाई पुन्हा दुसऱ्या गटात. शेवटी सरांनी पहिल्या गटाला बेलाच्या पानावर हात ठेवायला लावून शपथ घातली. यातलं एक अक्षर दुसऱ्या गटाला सांगायचं नाही. बायकांनी शपथ घेतली. सर निश्चिंत झाले.

महादेवी वहिनींचेही गुडघे दुखायचे. त्यांनी घरी विचारलं, "म्या कुठल्या गटात?" सर म्हणाले, संशोधकाच्या घरचं माणूस अभ्यासात चालत नाही, निकालावर बोट ठेवतात. "आन् अभ्यासाच्या भाईर?" सर म्हणाले, अभ्यास संपेपर्यंत थांब. आता याला काय म्हणावं? जिल्ह्यातल्या बायकांचे गुडघे वाकवणाऱ्या माणसाची बायको घरात भिंत धरून उठत होती. मी त्यांना तोंडावर सांगितलं की हे बरं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि केलं काहीच नाही. त्या पीएच.डी.पायी ते तेवढे आंधळे झाले होते.

पाच महिने झाले असतील. मी त्यांच्या घरी तक्ता भरत बसले होते, सर आकडे वाचून दाखवत होते. आतून भाकरीचा वास येत होता आणि वहिनींचं पुटपुटणं. पूजा चालली असेल असं मला वाटलं. सरांनी मात्र वाचायचं थांबवलं. त्यांचा चेहराच बदलला. मीही कान दिला.

"सात महादेव... आठ महादेव... नऊ महादेव..."

आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात. वहिनी जमिनीवर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्याखाली पोत्याची गुंडाळी. दुसऱ्या पायाच्या घोट्याला मिठाचा किलोचा पुडा ओढणीनं बांधलेला. तव्यावर भाकरी.

"हे कुणी शिकवलं?" सरांनी विचारलं.

"शांताबाईनं. बाजारात भेटली व्हती. म्या गुडघा धरून पायरीवर बसले व्हते, म्हनली, वैनी, असं नगा बसू, हे करा."

"शांताबाई दुसऱ्या गटातली हाय!"

"मला काय म्हाईत तुमचं गट-बिट? दीड म्हैना करायलेय. बरं वाटतंय." आणि त्या हाताचा आधार न घेता उभ्या राहिल्या, भाकरी उलटवली. बायकोच्या गुडघ्याचा आनंद मानावा की पीएच.डी.चं सुतक, या पेचात सर दारातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मोटारसायकल काढून त्या गावाला निघाले. मला साक्षीला मागं बसवलं. बायका शेतात खुरपणीला होत्या. बांधापाशी गेलो तर जेवणाची सुटी झालेली. लिंबाखाली तीसेक बायका ओळीनं, पाय लांब करून. पहिल्या गटातल्या, दुसऱ्या गटातल्या, आणि कुठल्याच गटात नसलेल्या पाच-सहा तरण्या सुना. अनुसयाबाई म्हणून एक बाई पुढं बसून मोजत होत्या आणि सगळ्याजणी मागून एका सुरात म्हणत होत्या, "एक महादेव... दोन महादेव..." वाळूच्या पिशव्या निम्म्यांच्याच पायाला. बाकीच्यांच्या पायाला मिठाचे पुडे.

सर दहा महादेव होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "अनुसयाबाई, शपथ घेतली व्हती तुमी."

अनुसयाबाई पहिल्या गटातल्या, वयानं थोराड, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "शपत न सांगायची व्हती. आमी कुठं सांगितलं? करून दाखवलं."

"पण का?"

"आता का म्हंजी? सावडीत हाव आमी. आज हिच्या रानात सगळ्याजणी, उद्या माझ्या रानात सगळ्याजणी. हिचा गुडघा दुखला तर हिची खुरपायची पात मागं पडती. पात मागं पडली की मलाच अर्धी वढावी लागती. मग शिकवू नगं तर काय करू? हिला दुखत ठिवून म्या एकटीनं बरी हून काय माती खाऊ?"

सर स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. त्यांची आई सावडीत गेलेली, त्यांनी बांधावर भाकरी नेऊन दिलेल्या. सावडीतल्या दोन बायकांना चिठ्ठ्या टाकून वेगळं करता येत नाही हे त्यांना पुण्या-मुंबईच्या कुठल्या पुस्तकानं नसतं शिकवलं; ते त्यांना जन्मतःच माहीत होतं, आणि पीएच.डी.च्या नादात तेच विसरले होते. मला त्यांची दया आली. आता ते चिडतील, निघून जातील असं वाटलं. पण त्यांची नजर शांताबाईच्या पायाकडं गेली. दुसऱ्याच क्षणी ते मातीत उकिडवे बसले. "टाच टेकवू नका, मावशी. चवडा आपल्याकडं वढा. हां, आता उचला." अशी एकेकीची चूक दुरुस्त करत ते ओळीच्या शेवटपर्यंत गेले. दुसऱ्या गटात जे काय बिघडायचं राहिलं होतं ते त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवलं.

सहा महिने भरल्यावर मोजणी झाली. दोन्ही गटांचे गुडघे सारखेच सुधारलेले. फरक शून्य. आणि फरक नाही तर पीएच.डी. नाही. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. आठ वर्षं पाण्यात जायची पाळी आली होती.

सरांच्या गाईड मॅडम मोठ्या शहरातल्या. त्यांनी फोनवर वाट सांगितली. दुसऱ्या गटातल्या ज्या बायकांनी व्यायाम केला त्या वगळा, उरलेल्यांवर निकाल काढा. वगळल्याचं लिहायलाही नको, कुणी विचारत नाही. सर यादी घेऊन माझ्याकडं आले. बत्तीस नावं. मी खोटं कशाला बोलू, मी स्वतः म्हटलं, "गाळू या सर. सगळेच गाळत असतील. एकदाचं होऊन जाऊ द्या." माझा हात माऊसवर तयार होता.

"गाळा," सर म्हणाले. "शांताबाई." मी ती ओळ निवडली. "थांबा. आधी किती व्हती ती?"

"नव्वद."

"आन् आता?"

"एकशेवीस."

"लई कष्ट घेतले तिनं," सर म्हणाले. "बरं, ती राहू द्या तूर्त. पुढची घ्या. गंगूबाई."

मी गंगूबाईची ओळ निवडली. सरांनी यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "गंगूबाईला जमिनीवर बसता येत नव्हतं चार वर्सं. लेक बाळंतपणाला आली तवा हिनं पाटावर बसून, बाळ पायावर घेऊन न्हाऊ घातलं. रोज, सव्वा म्हैना. मला मुद्दाम बघायला बोलावलं व्हतं. मॅडम, हिला गाळलं तर ते बाळ कुणाच्या पायावर न्हालं म्हणून लिहायचं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. माऊसवरचा हात काढून घेतला. एकही नाव गाळलं नाही. उलट सरांनी एक नवंच प्रकरण लिहायला घेतलं. कुणी कुणाला शिकवलं याचं. दारोदार हिंडून त्यांनी बाणांचा नकाशा काढला. अनुसयाबाईकडून शांताबाईला, शांताबाईकडून सहा जणींना, त्यातला एक बाण आमच्या वहिनींकडं. एकीचा बाण तर कागदाच्या बाहेर जात होता. तो कुठं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "सास्तूरला. तिची लेक दिलीय तिथं. तिच्या सासूचे गुडघे दुखत व्हते."

विद्यापीठाच्या समितीपुढं सर उभे राहिले, त्याचा वृत्तांत त्यांनीच दुसऱ्या दिवशी आम्हाला नकला करून सांगितला. एका साहेबांनी विचारलं, "म्हणजे व्यायामाचा उपयोग नाही असा तुमचा निष्कर्ष?" सर म्हणाले, "लई उपयोग हाय, साहेब." "मग दोन गटांत फरक का नाही?" "दोन गट राहिलेच न्हाईत, साहेब. गाव एकच व्हतं." समिती खळखळून हसली. बाणांचा नकाशा हातोहात फिरला, चहा झाला, सरांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. आणि मग आखणीच चुकली म्हणून प्रबंध नामंजूर झाला. मुदत संपलेली, करायचंच असेल तर पहिल्यापासून.

आम्ही हसत होतो. नक्कल संपली तसे सर म्हणाले, "लई वाईट वाटलं मात्र. येताना यष्टीत रडलो, खोटं कशाला सांगू." बाहेर एक म्हातारी विचारत होती, चोळणारे कुठं बसत्यात. सर उठून तिच्याकडं गेले.

त्यानंतर आमच्या यांची बदली कळंबला झाली आणि मी ती नोकरी सोडली. सरांची खबर अधूनमधून कळायची. मागल्या वर्षी माझी मुलगी पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसली, केंद्र धाराशिवचं आलं. तिला सोडायला मी गेले. कॉलेजच्या फाटकाशी ही गर्दी, आणि त्यात वॉचमन एका पांढऱ्या केसांच्या माणसाला अडवून सांगत होता, "काका, पालकांनी भाईर थांबायचं." त्या माणसानं खिशातून हॉलतिकीट काढलं. वॉचमननं फोटोकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं.

मी हाक मारली. सरांनी आधी माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, मग तोंडाकडं, मग ओळखलं. पंचावन्न उलटून गेलेले. पुन्हा पहिल्यापासून निघाले होते. विषय तोच. मी म्हटलं, "आणि दुसरा गट?"

"दुसरं गाव घेतलंय, पार तुमच्या कळंबकडचं. तिकडं पहिल्या गटाच्या गावातली एक पण लेक दिलेली न्हाय, घरोघर विचारून आलोय. आन् सहा म्हैने झाले की त्या बायकांना पण शिकवायचं, असं अर्जात आदीच लिहून दिलंय. न्हाय म्हटले तर पीएच.डी. नको."

महादेवी वहिनी पिशवीत डबा घेऊन आल्या होत्या, बाकीच्या पोरांच्या आयांसारख्याच. त्या आमच्याजवळ आल्या आणि सरांना म्हणाल्या, "एक बी प्रश्न मोकळा सोडू नगा. येत नसलं तरी कायतरी लिवा." सर मान डोलावून आत गेले.

परीक्षेच्या खोल्या तळमजल्यावर, खिडक्या फाटकाकडं उघडणाऱ्या. आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून माझी मुलगी कुठं दिसते ते बघत होतो. ती दुसऱ्या बाकावर दिसली. खोली भरलेली, सगळी पंचविशीतली पोरं-पोरी, पेपर अजून वाटले नव्हते. तेवढ्यात सर दारात आले. त्यांना पाहून सगळी खोली एकदम उभी राहिली, माझी मुलगीसुद्धा. परीक्षेवर देखरेख करणारे सर आले असंच त्यांना वाटलं असणार. हिप्परगे सर दारातच थबकले. आणि कोण मोठं माणूस आलंय ते बघायला त्यांनी पटकन मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.